आवर्तन आणि लूप

गेल्या हिवाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातील एका शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालू असताना आम्ही तेथे दोन दिवस मुक्कामाला होतो. मुलांचे रेला नृत्य बसवले जात होते. तालमीला ढोल वाजवायला गावातले एक आजोबा येत. पण संमेलनाच्या दिवशी त्यांना परगावी लग्नाला जायचे होते. मुख्याध्यापकांनी आम्हांला विचारले, "तुम्ही संगणकवाले. आजोबांच्या ढोलाचे थोडे रेकॉर्डिंग मोबाईलवर आहे. ते गोल गोल फिरवून दहा मिनिटे वाजेल असे काही करता येईल का?"

करता येईल, असे आम्ही सांगितले. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा एक तुकडा निवडून तो पुन्हा पुन्हा वाजवण्याची सोय असते. तिला 'लूप' म्हणतात. आम्ही आठ ठोक्यांचा तुकडा कापला, लूप लावला आणि स्पीकर जोडून दिला. दुसऱ्या दिवशी मुले त्यावर नाचायला उभी राहिली आणि दोन-तीन मिनिटांतच रांग विस्कटली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. आदल्या दिवशी आजोबांच्या ढोलावर हीच मुले अर्धा तास एका पावलाने नाचली होती.

"पोरं ताल सोडतात," असा निर्वाळा एका गुरुजींनी दिला. यंत्र चुकत नाही, म्हणजे मुलेच चुकत असणार, हे त्यामागचे तर्कशास्त्र. त्यावर सहावीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, हा ढोल आमच्याकडे पाहत नाही."

या लेखात आम्हांला या दोन विधानांचा निवाडा करायचा आहे. कारण प्रश्न एका संमेलनापुरता नाही. शाळाशाळांतून आता संगणक आहेत, मोबाईल तर आहेतच. मुलांची गाणी, ताल, बोली रेकॉर्ड करण्याचा उत्साह शिक्षकांमध्ये दिसतो आणि तो स्वागतार्ह आहे. परंतु उपकरण वापरताना त्याची गृहीतके आपण नकळत स्वीकारतो आणि मग त्याच मापाने मुलांना मोजू लागतो. हे वेळीच ओळखले पाहिजे.

तुकडा फिरवण्याची कल्पना

लूप ही संगणकाची देणगी नव्हे. पॅरिसमध्ये रेडिओवर काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी १९४८ साली तबकडीवरची सर्पिलाकार खाच एका ठिकाणी बंद वर्तुळ करून ठेवली. सुई तिथेच फिरत राही आणि तोच आवाज पुन्हा पुन्हा येई. पुढे चुंबकीय फीत आली. फितीची दोन टोके चिकटवली की तयार झाले कडे, आणि 'लूप' या शब्दाचा अर्थही तोच. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांनी १९६५ मध्ये अशी दोन सारखी कडी दोन यंत्रांवर एकदम लावली. यंत्रांच्या वेगात किंचित फरक होता, त्यामुळे एक आवाज दुसऱ्याच्या हळूहळू पुढे सरकू लागला. या सरकण्यातूनच त्यांनी एक नवी रचना उभी केली. संगणकावर लूप जुळवून गाणे रचणारी सॉफ्टवेअर १९९० च्या दशकाच्या अखेरीस लोकप्रिय झाली. शाळांना परवडणारे, म्हणजे फुकट मिळणारे 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर कार्नेगी मेलन विद्यापीठातील डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केले आणि ते २००० साली सर्वांसाठी खुले झाले.

आपल्याकडे तर ही कल्पना यंत्राविना फार पूर्वीपासून नांदते आहे. तबल्याचे एकल वादन चालू असते तेव्हा हार्मोनियमवर किंवा सारंगीवर एका आवर्तनाची एकच सुरावट सतत वाजत असते. तिला लेहरा म्हणतात. लेहरा हा माणसाने वाजवलेला लूपच आहे, असे कोणी म्हणेल. खरोखर तसे आहे का, याकडे आपण नंतर वळू.

आमची चूक, आणि तिची दुरुस्ती

प्रथम आमच्या पदरातले दोष मोजू. संगणक आवाज साठवतो म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार ठरावीक अंतराने मोजून त्यांचे आकडे लिहून ठेवतो. सीडीच्या प्रमाणानुसार सेकंदाला ४४,१०० आकडे. मिनिटाला १०० ठोके या लयीत एका ठोक्याला ०.६ सेकंद लागतो, म्हणजे २६,४६० आकडे. आठ ठोक्यांना ४.८ सेकंद आणि २,११,६८० आकडे. लूप लावणे म्हणजे शेवटचा आकडा वाचून झाला की लगेच पहिल्या आकड्यावर परत जाणे. इतके साधे.

आम्ही तुकडा घाईने, नुसत्या नजरेने कापला होता. नंतर मोजले तेव्हा तो सुमारे ६० मिलिसेकंदांनी तोकडा निघाला. ठोक्याचा हा दहावा हिस्सा. म्हणजे प्रत्येक आठव्या ठोक्यानंतरचा ठोका थोडा लवकर येत होता. ढोल दर फेरीला लंगडत होता. त्यातच एका शिक्षकांनी दुसऱ्या मोबाईलवर ठोक्याचे यंत्र लावले होते. दर फेरीला ६० मिलिसेकंद याप्रमाणे दहा फेऱ्यांत ६०० मिलिसेकंदांचा, म्हणजे बरोबर एका ठोक्याचा फरक पडतो. पाऊण मिनिटातच दोन्ही यंत्रे एकमेकांना खोटे ठरवू लागली!

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. लूप एकटाच वाजत असेल तर त्याचा ताळमेळ 'बिघडत' जात नाही. तो प्रत्येक फेरीला सारखाच लंगडतो. चूक साठत जाते ती दुसऱ्या एखाद्या घड्याळाशी तुलना केल्यावर. चूक म्हणजे कशाच्या तुलनेत चूक, हा मोजमापाचा पहिला धडा येथे कानांनी शिकता येतो.

मिनिटाला ११० ठोके असतील तर एका ठोक्याला २४,०५४.५४ आकडे येतात. अर्धा आकडा तर साठवता येत नाही. मग संगणकाच्या या पूर्णांकीकरणाने लय बिघडेल का? हिशेब करू. २४,०५५ धरले तर दर ठोक्याला साधारण ०.४५ आकड्याची, म्हणजे सुमारे १० मायक्रोसेकंदांची चूक होते. ती साठून १० मिलिसेकंद व्हायला सुमारे एक हजार ठोके, म्हणजे नऊ मिनिटे लागतील. थोडक्यात, संगणकाची चूक नगण्य असते, माणसाच्या कापण्यातली नसते.

दुसरा दोष 'टक्' असा आवाज. तुकड्याच्या शेवटी लहर शिखरावर असेल आणि सुरुवातीला दरीत असेल, तर फेरी बदलताना स्पीकरचा पडदा एकदम हिसका खातो. अशा अचानक उडीत सर्व वारंवारतांचे तरंग मिसळलेले असतात, म्हणून ते 'टक्' ऐकू येते. उपाय असा की, तुकड्याची दोन्ही टोके लहर शून्य रेषा ओलांडते तेथे घ्यावीत, आणि दोन्हीकडे ती एकाच दिशेने, म्हणजे खालून वर किंवा वरून खाली, जात असावी. ऑडॅसिटीत तुकडा निवडून 'झेड' ही कळ दाबली की टोके जवळच्या शून्य रेषेवर सरकतात. त्यानंतर निवडलेला भाग लूप म्हणून ठरवायचा. २०२१ मध्ये आलेल्या ३.१ या आवृत्तीपासून 'एल' या कळीने लूप चालू-बंद होतो.

तिसरा दोष अधिक मजेशीर. ढोलावर थाप पडली की तिचा नाद काही काळ रेंगाळतो. आठव्या ठोक्याची ही शेपूट खऱ्या वादनात पुढच्या आवर्तनात शिरते. आपण अगदी पहिले आवर्तन कापले, तर त्याच्या सुरुवातीला अशी शेपूट नसतेच, आणि लूप फिरताना दर आठव्या ठोक्याची शेपूट तोडली जाते. म्हणून निदान तीन आवर्तने रेकॉर्ड करावीत आणि मधले घ्यावे. आणि एक सूचना: लूपचा तुकडा एमपी-थ्री स्वरूपात साठवू नये. आवाज आक्रसण्याच्या त्या पद्धतीत आरंभी आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते, आणि मग फेरीफेरीला फट ऐकू येते. त्याऐवजी 'वेव्ह' स्वरूप वापरावे.

हे सारे आम्ही त्याच रात्री दुरुस्त केले. लंगडणे गेले, टक्टक् गेली. सकाळी मुले पुन्हा उभी राहिली. पहिल्यापेक्षा जास्त वेळ रांग टिकली, आणि मग पुन्हा विस्कटली.

जे दुरुस्त होत नाही

आता मुलीच्या विधानाकडे यावे लागले. आजोबांच्या वादनाचे पूर्ण रेकॉर्डिंग आम्ही लक्षपूर्वक ऐकले. सुरुवातीला लय संथ होती. रांग लागली, हातात हात गुंफले गेले, आवाज एकमेकांत मिसळले, तशी लय चढत गेली. मध्येच एक वळण घेताना लहान मुले मागे पडली तेव्हा ढोल किंचित रेंगाळला आणि त्यांना घेऊन पुढे निघाला. आजोबा पावलांकडे पाहून वाजवत होते, आणि मुले ढोल ऐकून पावले टाकत होती. कोण कोणाच्या मागे जात होते हे सांगता येणार नाही.

आम्हा विज्ञानवाल्यांना या व्यवस्थेचे नाव ठाऊक आहे: फीडबॅक. गच्चीवरच्या टाकीत चेंडूचा व्हॉल्व्ह असतो. पाणी चढले की तो स्वतःच पुरवठा बंद करतो. परिणामाची बातमी कारणापर्यंत परत पोहोचते. नियंत्रणशास्त्रात अशा बंद कड्यालाच 'क्लोज्ड लूप' म्हणतात. गंमत अशी की, संगीताच्या सॉफ्टवेअरमधला लूप या अर्थाने लूपच नाही! टाकी भरून वाहू लागली तरी चालूच राहणाऱ्या पंपासारखा तो आहे. तो फिरतो, पण त्याच्यापर्यंत काहीही परत येत नाही. मुलीने नियंत्रणशास्त्राचा पहिला धडा एका वाक्यात सांगितला होता.

लेहऱ्याचा प्रश्नही येथे सुटतो. लेहरा धरणारा वादक सुरावट बदलत नाही, पण तबलजीचे वादन ऐकत असतो. त्याने लय वाढवली की लेहराही चढतो. सूर तेच, आवर्तन दर वेळी नवे. रॅडेलच्या 'तालमाले'सारखी ठेका वाजवणारी यंत्रे घरोघरी रियाजाला वापरली जातात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण मैफलीत साथीला माणूसच लागतो, तो यासाठी.

झाडीपट्टी रंगभूमीचे उदाहरण आपल्या भागातील वाचकांना अधिक जवळचे वाटेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे त्याचे केंद्र. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि त्यात गाणी प्रत्यक्ष गायली जातात. या रंगभूमीवरील कामगिरीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा नाटकात नट एखाद्या ओळीवर रेंगाळतो, प्रेक्षक 'वन्स मोअर' देतात, कधी एखादा प्रवेश लांबतो. साथीदार हे सारे डोळ्यांनी टिपून वाजवतात. या मंडळींकडेही आता कीबोर्ड आणि पॅड आले आहेत. त्यात भरलेला ठेका एका बोटाने सुरू होतो. आम्ही याला नावे ठेवत नाही. पॅडवरचा माणूस कान उघडे ठेवून बसला असेल, योग्य क्षणी ठेका थांबवत आणि उचलत असेल, तर यंत्राला त्या माणसाचे कान मिळतात. आमचा आक्षेप माणूस काढून घेऊन नुसता लूप लावून देण्याला आहे, जसा आम्ही शाळेत लावला.

सॉफ्टवेअरची न बोललेली गृहीतके

दुसरा आक्षेप सॉफ्टवेअरच्या रचनेवर आहे. यांतील बहुतेक सॉफ्टवेअर उघडताच मिनिटाला १२० ठोके आणि चार-चार मात्रांचे गट अशी मांडणी समोर येते. पडद्यावर आखलेल्या रेषा त्याच हिशेबाच्या असतात, आणि कापलेला तुकडा त्या रेषांना चुंबकासारखा चिकटवण्याची सोयही असते. चार मात्रांच्या नृत्यसंगीताला ते सोयीचे आहे. पण रूपक सात मात्रांचा, झपताल दहा मात्रांचा. आठ मात्रांची आखणी तशीच ठेवून सात मात्रांचा ठेका फिरवला, तर आखणीची पहिली रेषा आणि तालाची सम पुन्हा एकत्र यायला ५६ मात्रा लागतात. मापे बदलता येतात हे खरे. पण ती बदलायची असतात हे आधी ठाऊक पाहिजे. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक शिकवण्या कोणती कळ दाबायची ते सांगतात, आखणी कोठून आली ते सांगत नाहीत. मग चारात न बसणारा ताल 'अवघड' ठरतो, आणि चढत जाणारी लय 'कच्ची' ठरते.

तिसरा आक्षेप एकसारखेपणाचा. कुशल वादकाचे ठोकेही घड्याळाच्या काट्यावर पडत नाहीत. काही मिलिसेकंद मागेपुढे होतात. गॉटिंगेन येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की हे मागेपुढे होणे निव्वळ यादृच्छिक नसते. आताच्या चुकीचा धागा बऱ्याच पुढच्या ठोक्यांपर्यंत पोहोचलेला असतो. यंत्राच्या तालात अशा धाग्याचे चढउतार मिसळले तर ऐकणाऱ्यांना ते निव्वळ यादृच्छिक चढउतारांपेक्षा अधिक आवडतात, असेही त्यांना आढळले. लूपमध्ये हा धागा एका फेरीपुरता उरतो आणि तोच तोच परत येतो. ज्याला आपण माणसाची चूक म्हणतो त्यात माहिती असते, आणि ती लूप पुसून टाकतो.

मग लूप कशासाठी वापरावा?

एवढी टीका केल्यावर गुणही सांगितले पाहिजेत. लूप हे काळाचे भिंग आहे. फार भरभर घडणारी गोष्ट तो पुन्हा पुन्हा समोर आणतो. ताडोब्याच्या जंगलात किंवा शाळेमागच्या झाडावर ओरडणाऱ्या पावशाची एक हाक रेकॉर्ड करून तिचा लूप लावा. तिची पट्टी कशी चढत जाते ते तिसऱ्या-चौथ्या फेरीला मुलांच्या कानी स्पष्ट येईल. अवघड उच्चार, तबल्याचा एखादा बोल, गोंडी किंवा माडियातील शिक्षकाला न जमणारा स्वर, या सर्वांसाठी हे भिंग उत्तम आहे.

मात्र भिंगही तटस्थ नसते. मानसशास्त्रज्ञ डायना डॉइश यांना १९९५ मध्ये अपघातानेच असे आढळले की, साध्या बोलण्याचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवला की तो गाण्यासारखा ऐकू येऊ लागतो. तुकडा तोच असतो, बदलतो आपला कान. वर्गात एखाद्या शिक्षकाचेच वाक्य लावून पाहा. प्रत्येक वाक्याला ते साधेल असे नाही. पण साधले की मुले हसतील, आणि 'आपण ऐकतो ते सगळे बाहेरच असते का?' या प्रश्नावर एक तास सहज रंगेल.

गणितासाठी सात आणि आठ मात्रांचे दोन लूप एकदम लावावेत. मुलांनी डोळे मिटून, दोन्हींची सम एकत्र येताच टाळी द्यावी. लसावि हा शब्द न उच्चारता लसावि समजतो. आणि राइश यांच्या प्रयोगाचा हिशेब मोठ्या मुलांना द्यावा: १० सेकंदांचा एक लूप आणि १०.०१ सेकंदांचा दुसरा एकदम सुरू केले, तर पुन्हा एकदम सुरू व्हायला किती वेळ लागेल? पहिल्याच्या १,००१ आणि दुसऱ्याच्या १,००० फेऱ्या; म्हणजे १०,०१० सेकंद, जवळजवळ पावणेतीन तास.

आता निवाडा. गुरुजींचे म्हणणे आमच्या मते चूक होते. मुलांनी ताल सोडला नव्हता; तालानेच मुलांना सोडले होते. आम्ही दुरुस्त केलेला लूप एकेक पाऊल पक्के करण्यासाठी, थोड्या थोड्या वेळापुरता वापरला गेला, आणि तेथे तो उपयोगी पडला. संमेलनात ढोल वाजवला आठवीतल्या एका मुलाने. तो दोनदा चुकला. दोन्ही वेळा रांग अर्धे पाऊल थांबली आणि त्याला घेऊन पुढे गेली.

शिक्षक मित्रांना एकच विनंती करून थांबतो. आपल्या गावातील गाणे किंवा वादन रेकॉर्ड कराल तेव्हा ते आरंभापासून शेवटपर्यंत, मधल्या थांब्यांसह आणि चुकांसह रेकॉर्ड करा. लूप करायचा तर प्रतीवर करा आणि मूळ रेकॉर्डिंग नीट जपून ठेवा. पूर्ण रेकॉर्डिंगवरून लूप केव्हाही करता येतो. नुसत्या लूपवरून आजोबांचे वादन परत मिळवता येत नाही.